जोडावरचं फूल

स्नेहलताताईंकडे ब्लाउजला नुसता हुक लावायला दिला, तर तो नुसता हुक लावून कधीच परत यायचा नाही. बाहीची शिवण आत घेतलेली असायची, गळ्याची पट्टी नव्याने बसवलेली असायची, आणि वर ऐकून घ्यावं लागायचं, की तुमच्या पुण्याच्या शिंप्यांना कापड सरळ कापता येत नाही का गं. रागवावं, तर ब्लाउज आधीपेक्षा खरोखरच चांगला बसलेला असायचा. त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

आम्ही आयर्लंडमध्ये ॲथलोनला राहत होतो तेव्हाची ही गोष्ट. माझा नवरा उपेंद्र आणि ताईंचे प्रल्हादराव एकाच टेलिकॉम कंपनीत होते. आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मध्ये तीन सारखी घरं आणि एक कायम ओलं मैदान. ताई मूळच्या नागपूरच्या, महाल भागातल्या. त्यांची आई घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची. शाळेतून आल्यावर ताईंनी हात धुवून काजं करायची आणि मग अभ्यास, असा त्या घरचा नेम. फुलाफुलांचं कापड असेल तर दोन तुकड्यांच्या जोडावर फूल तुटता कामा नये, यावर आईचा भारी कटाक्ष. मागच्या पाठीवर अर्धं फूल वर आणि अर्धं खाली दिसलं, तर ती सगळी शिवण उसवायला लावायची, मग बाहेर गिऱ्हाईक का थांबलेलं असेना. ताईंच्या हाताला ते वळण तेव्हापासूनचं.

ॲथलोनमधल्या घरात वरच्या मजल्यावरची अगदी लहान खोली त्यांनी शिवणाची केली होती. मे महिन्यात लहान मुलींचे चर्चमधल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, ऑगस्टमध्ये बारावी झालेल्या मुलींचे लांबलचक गाऊन, मधल्या काळात आयरिश नाचाचे ते पुठ्ठ्यासारखे ताठ झगे. आख्ख्या वसाहतीतल्या आया त्यांना लता म्हणत. कपड्याला टाचण्या टोचून यायच्या, आरशासमोर गोल फिरायच्या, यू आर अ स्टार, लता, असं म्हणून जायच्या. त्यांचा मुलगा अमोघ मेनूथच्या विद्यापीठात शिकायला गेला. शनिवारी धुण्याची पिशवी घेऊन यायचा, मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत, तेही इथल्या हेलात, उत्तरं द्यायचा, आणि रविवारी इस्त्रीचे कपडे घेऊन परत. ताई एकदा मशीनला तेल घालता घालता मला म्हणाल्या होत्या, की या गावात मला ओळखणारे पुष्कळ आहेत, पण प्रल्हादरावांची बायको नाहीतर अमोघची आई नाहीतर कपडे आखूड करणारी बाई म्हणून. माझ्याकडे माझ्यासाठी येणारं कोणी नाही. मी म्हटलं, मी आहे की. तर म्हणाल्या, तू उपेंद्रची बायको म्हणून आलीस. त्यात खोटं काही नव्हतं.

अशातच आम्हाला ते दुकान सापडलं.

किल्ल्यामागच्या बोळात, जिथे घरं एकमेकांना खांदे लावून उभी आहेत, तिथे एका निळ्या दाराच्या घरात खाली ते दुकान निघालं होतं. खिडकीत निळ्या-हिरव्या नक्षीच्या मोठ्या थाळ्या, भरतकामाच्या चौकोनी टोप्या, आणि मधोमध पितळी मुठीची एक कात्री. कात्रीचा आकार लांब चोचीच्या पक्ष्याचा. चोच म्हणजेच पाती. आम्ही बँकेत निघालो होतो. ताई खिडकीसमोर थांबल्या आणि बँक राहून गेली.

आत एक बाई उंच स्टुलावर बसून टोपीला गोंडा लावत होत्या. वय ताईंपेक्षा थोडंसं कमी, दोन्ही भुवया ठसठशीत, डोक्याला मागे बांधलेला फुलाफुलांचा रुमाल. ताईंनी कात्री मागितली, पर्समधून स्वतःचा हातरुमाल काढला आणि बिनदिक्कत त्याची कड कापून पाहिली. मला मेल्यासारखं झालं. त्या बाईंनी मात्र स्टुलावरून खाली उतरून रुमालाची कड निरखून पाहिली आणि मान डोलावली. त्यांचं नाव ओयदिन. उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याच्या. नवरा फर्गल इथलाच, तरुणपणी तिकडे इंग्रजी शिकवायला गेला होता आणि येताना हिला घेऊन आला. तिचं इंग्रजी डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, ॲथलोनचीच बाई बोलतेय.

तिने आम्हाला चहा दिला. हिरवा, बिनदुधाचा, बिनकानाच्या वाटीत, आणि वाटी जेमतेम निम्मी भरलेली. ताई मराठीत पुटपुटल्या, बाई चिक्कू दिसते गं. पण वाटी रिकामी होते न होते तोच तिने पुन्हा निम्मी भरली. मग पुन्हा. असं चालूच राहिलं. शेवटी तिनेच हसत सांगितलं, की आमच्याकडे पाहुण्याला भरलेली वाटी देत नाहीत. निम्मी दिली म्हणजे बसा, मी पुन्हा पुन्हा वाढणार आहे. काठोकाठ भरून दिली, की पाहुण्याने समजायचं, ही संपवून उठायचं आहे. आमच्याकडे काठोकाठ भरणं म्हणजे मान, तुमच्याकडे हकालपट्टी, असं ताईंनी त्यांच्या धीट इंग्रजीत सांगितलं आणि दोघी बायका इतक्या हसल्या, की बाहेरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने काचेतून आत डोकावून पाहिलं.

मग ताईंची नजर मागच्या भिंतीवर गेली. तिथे पलंगपोसापेक्षाही मोठं एक भरतकाम टांगलेलं होतं. जुन्या सायीच्या रंगाचं सुती कापड, त्यावर डाळिंबी रेशमाची ताटाएवढी गोल फुलं आणि भोवती काळपट हिरव्या पानांच्या वेली. सुझानी म्हणतात त्याला, ओयदिन म्हणाली. ते विकायचं नव्हतं, तिच्या आईचं होतं. ताईंनी कौतुक करायच्या आधी काय केलं असेल, तर कोपरा उचलून त्याची मागची बाजू पाहिली. आतलं कापड विरलं होतं. अस्तर गेलंय, त्या मला म्हणाल्या. ओयदिनने चमकून पाहिलं. त्यांच्याकडेही अस्तरच म्हणतात. मग रुमाल निघाला, तोही रुमालच. प्याला निघाला. दोघी दुकानभर फिरून एकेका वस्तूवर बोट ठेवत नावं जुळवत राहिल्या आणि मी चौथ्यांदा निम्म्या भरलेल्या वाटीतला चहा पीत बसले.

कात्री विकत घेऊन बाहेर पडल्यावर शॅनन नदीच्या पुलावर ताई म्हणाल्या, "सगळं छान आहे गं, पण उजवीकडच्या जोडावर फूल तुटलंय. पाहिलंस ना? एक बोटभर वरखाली आहे."

मी पाहिलं नव्हतं. त्यांनी दुसरं काही पाहिलं नसावं.

त्या दिवसापासून ताई गुरुवारी दुपारी दुकानात जायला लागल्या. गिऱ्हाईक म्हणून नाही. मागच्या लहानशा खोलीत बसून टोप्यांची निसटलेली कड शिवायच्या, उशांच्या अभ्र्यांना चेन लावून द्यायच्या. ओयदिन त्यांना लता-ओपा म्हणायला लागली. ओपा म्हणजे ताईच. ताईंनी तिला डिंकाचे लाडू नेले, तिने मटणाचे सामोसे दिले, जे ताईंनी आमच्या घरी पोचवले, कारण त्या खात नसत. माझी मुलगी रेवा त्यावर ताव मारायची आणि पुढच्या गुरुवारची चौकशी करायची. कधी मी सोबत गेले तर ताईंचा वेगळाच आवाज ऐकू यायचा. त्या कोणाची तरी बायको किंवा आई असल्यासारख्या बोलत नसत. शाळेतल्या मैत्रिणीशी बोलावं तशा बोलत. घरी त्यांनी चहा निम्मा द्यायला सुरुवात केली, तेव्हा प्रल्हादराव म्हणाले, की आजवर साखर कमी होती, आता चहाही कमी झाला.

दोन वर्षं गेली असतील. ओयदिनची मुलगी लोला हिचं लग्न ठरलं, गावातल्याच एका मुलाशी. शॅननकाठच्या हॉटेलात समारंभ होता. तिकडच्या रिवाजाप्रमाणे वधूवरांच्या मागे सुझानी टांगायची, आणि तीही घरातल्या बायकांनी भरलेली. अर्थात ती आईचीच. फक्त अस्तर पार गेलं होतं आणि टांगायची पट्टी सुटली होती. ओयदिनने ती उतरवली, पांढऱ्या चादरीत गुंडाळली आणि ताईंच्या हातात दिली. नवं अस्तर आणि नवी पट्टी, एवढंच काम सांगितलं. दुसऱ्या कुणाला तिने ती दिलीच नसती, हे ताईंनी मला त्या आठवड्यात निदान तीनदा सांगितलं.

जेवणाच्या टेबलावर प्लायवुड टाकून ताईंनी ती पसरली. प्रल्हादराव आठवडाभर सोफ्यावर बसून जेवले. अस्तर बसलं, पट्टी लागली. आता खरं म्हणजे घडी घालून परत द्यायची. पण जोड समोर होता. भिंतीवर असताना बोटभर दिसणारं ते टेबलावर हाताखाली आलं, आणि दिवसभर डोळ्यांत खुपायला लागलं. ताईंच्या मनात आलं, बिचाऱ्या बायका, कुणी शिकवलं नसेल. लेकीच्या लग्नात चारशे डोळे त्या फुलावर लागणार. आपण काही न बोलता नीट करून द्यावं. आहेराला दुसरं काय द्यायचं?

त्यांनी उजवीकडच्या शेवटच्या पट्टीची शिवण उसवली. पट्टी शेजारच्या पट्टीपेक्षा आखूड भरत होती. टाके इतके आवळून घातलेले, की कापड आत ओढलं गेलं होतं. ताईंनी वर दमट कापड टाकून इस्त्रीची वाफ दिली, हळूहळू ताणलं, टाचण्यांनी जखडून ठेवलं, आणि सुकल्यावर फुलाला फूल लावून शिवलं. मला बोलावून दाखवलं. पाच फुलं, पाचही ताटासारखी गोल. जोड कुठे आहे ते बोट फिरवूनही कळेना. मीही तोंडभर वाहवा केली.

प्रल्हादराव चष्म्यावरून पाहत म्हणाले, "सांगितलं होतं का हे?"

"सांगायला कशाला पाहिजे," ताई म्हणाल्या.

शुक्रवारी आम्ही दोघी ती घेऊन गेलो. ताईंनी जांभळी साडी नेसली होती आणि वर पावसाळी अनोरॅक. ओयदिनने काउंटरवरच्या थाळ्या बाजूला केल्या, सुझानी पसरली, आधी अस्तर पाहिलं, खूश झाली. मग पालथी होती ती सुलटी केली. तिचा उजवा हात आपोआप त्या जोडावर गेला. वरून खाली फिरला. पुन्हा वर गेला. अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा तो हात काहीतरी शोधत होता. ताई हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत उभ्या होत्या.

ओयदिन अगदी हळू म्हणाली, "माझी आई कुठे गेली?"

मला वाटलं, तिचं काहीतरी चुकलं. मग तिने सांगितलं. रागाने नाही, एकेक शब्द खाली ठेवावा तसं.

सुझानीचं कापड आधी चार पट्ट्या जोडून कच्चं शिवतात. त्यावर गावातली एखादी जाणती बाई फुलं-वेली काढते. मग ती कच्ची शिवण उसवून चार पट्ट्या चार बायकांना वाटतात. प्रत्येकीने आपापल्या घरी, आपापल्या वेळात, आपापल्या हाताने भरायचं. शेवटी पट्ट्या परत जोडतात. काढली तेव्हा एकच असलेली फुलं तोवर कधीच तंतोतंत जुळत नाहीत, कारण चार बायका सारख्या नसतात. मधल्या तीन जोडांपैकी दोन बरे जुळले होते, कारण त्या पट्ट्या भरणाऱ्या तिघी मावश्या सैल हाताच्या, हसऱ्या, एकमेकींसारख्या. आई तशी नव्हती. आई दोरा आवळून ओढायची. बोलणंही तसंच, माया करणंही तसंच. म्हणून तिची पट्टी आखूड भरली आणि तिचं अर्धं फूल बोटभर वर चढलं. ओयदिन लहानपणी सुझानी टांगलेल्या भिंतीला लागून झोपायची. झोप येईपर्यंत त्या पायरीवर बोट ठेवायची. वर आई, खाली मावशी. आई गेली तेव्हा ती इथे होती, जाता आलं नव्हतं. सुझानी नंतर कुरियरने आली.

आता तिथे पायरी नव्हती. सपाट, सुरेख, गोल फूल होतं.

ओयदिनने सुझानीची घडी घातली आणि म्हणाली, इट्स ग्रँड, लता, इट्स ग्रँड. इथे राहिलेल्या कुणालाही विचारा, ग्रँड म्हणजे बरं चाललंय, ग्रँड म्हणजे राहू दे, आणि ग्रँड म्हणजे पुढे बोलू नका. आणि ओपा म्हणाली नव्हती ती.

मग तिने चहा केला. घरी आलेल्याला तसंच पाठवायचं नाही, हे तिला आईनेच शिकवलं असणार. ताईंच्या समोर वाटी ठेवली. काठोकाठ भरलेली.

ताईंनी ती गरम असतानाच संपवली. ओठ भाजले असतील. पुलावर मध्येच थांबून खाली पाहत राहिल्या. शॅननचं पाणी तपकिरी, फुगलेलं, घाईत. मग म्हणाल्या, मी तिच्या आईला इस्त्री केली गं.

घरी प्रल्हादराव काहीही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं जास्त लागतं असं ताई मला फोनवर म्हणाल्या. रात्रीचं जेवण त्यांनी केलं, ताईंना वाढलं. फक्त झोपायच्या आधी त्यांनी विचारलं, "उसवलेला दोरा टाकलास का?"

टाकला नव्हता. उसवलेला दोरा ताई कधीच टाकत नाहीत. बिस्किटांच्या डब्यात गुंडाळून ठेवतात, आईची सवय. बुखाऱ्याच्या कुठल्याशा मावशीने त्या चार पट्ट्या जोडायला वापरलेला तो जाड, पिवळट सुती दोरा डब्यात होता. काही तुकडे झालेले, पण बराच लांब.

शनिवारी सकाळी ताई एकट्याच गेल्या. पुढचं मला त्यांनी आणि नंतर ओयदिनने वेगवेगळं सांगितलं, पण दोघींच्या सांगण्यात फारसा फरक नाही. दुकानात गिऱ्हाईकं होती. ताई ती जाईपर्यंत दाराशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ते परत बिघडवू दे."

ओयदिन नको म्हणाली. लग्न आठवड्यावर आलं होतं. आता आणखी हात लागला तर जे आहे तेही जाईल, अशी तिला भीती. ताईंनी दोऱ्याची गुंडाळी काउंटरवर ठेवली. ओयदिनने ती बराच वेळ पाहिली. शेवटी म्हणाली, तुझ्या घरी नाही. इथे, माझ्यासमोर.

रविवारी दुकान बंद असायचं. ताईंनी मलाही बोलावून घेतलं. चादरी धरायला आणखी दोन हात हवे होते. मागच्या खोलीत टेबल ओढलं. ताईंनी आपलीच शिवण उसवली, तीही चोचीच्या त्या कात्रीने. शिवण सुटल्यावर दोन्ही कडांवर जुन्या सुईची भोकं दिसायला लागली, मुंग्यांच्या रांगेसारखी. ताई म्हणाल्या, बघा, वाट आहे अजून. समोरासमोरच्या भोकाला भोक लागलं, की झालं. पण पट्टी ताणलेली होती, भोकं एकमेकांपासून सरकली होती. कापड परत आखडायला हवं तर ओल द्यायला हवी, आणि रेशीम किती पक्कं ते कुणाला माहीत. ताईंनी ओला कापूस मागच्या बाजूने एका लाल पाकळीला टेकवला. कापसावर फिकट गुलाबी रंग आला.

त्या फिकट गुलाबीचा अर्थ तिघींनाही कळत होता. थोडं पाणी जास्त झालं असतं तर सायीच्या रंगावर लाल ओघळ उतरले असते आणि मग लग्नात टांगायला काहीच उरलं नसतं.

मग ताईंनी ओयदिनकडून जाड टॉवेल मागून घेतले. पाण्यातून काढून इतके पिळले, की आणखी एक थेंब निघेना. ते टेबलावर पसरले, त्यावर कोरडी चादर, त्यावर पट्टी पालथी, आणि वरून आणखी एक कोरडी चादर. हात लावायचा नाही, ताणायचं नाही, टाचण्या लावायच्या नाहीत. त्यांनी आयुष्यभर कापडाला जे करायला लावलं होतं, त्यातलं काहीही करायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

आम्ही बसलो. बाहेर बोळातून कुणीतरी कुत्रा फिरवत गेलं. मग ओयदिन आपणहूनच बोलायला लागली, ताईंकडे न बघता, चादरीकडे बघत. आई नान भाजायची तेव्हा कणकेवर नक्षीचा शिक्का असा आपटायची, की शेजारी म्हणत, आज कुणावर रागावली. थंडीत मुलींच्या वेण्या इतक्या घट्ट घालायची, की भुवया वर ओढल्या जायच्या. ओयदिन फर्गलबरोबर निघाली तेव्हा स्टेशनवर मावश्या रडल्या, आई रडली नाही, तिने फक्त ओयदिनच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि वरचं बटण गळ्याला रुतेल असं लावलं. ते बटण ओयदिनने ताश्कंद येईपर्यंत काढलं नाही.

ताई म्हणाल्या, माझी पण तशीच होती. आणि मग महालातल्या त्या पुढच्या खोलीचं सांगायला लागल्या, उसवायला लावलेल्या पाठींचं, बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकांचं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण आईने एकदाही चांगलं झालं असं म्हटलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपार कलल्यावर ताईंनी वरची चादर उचलली. रंग उतरला नव्हता. त्यांनी पट्टी शेजारच्या पट्टीला नुसती लावून पाहिली. ओल मिळाल्यावर ते घट्ट टाके आपसूक आवळले होते आणि त्यांनी कापड पुन्हा आपल्याकडे ओढून घेतलं होतं. खालची भोकं जुळली. मधली जुळली. अगदी वर एखाद्या केसाएवढा फरक राहिला असेल. फूल तुटलं होतं, चांगलं बोटभर.

ताईंनी जुना दोरा सुईत ओवला आणि भोकांतून भोकांत शिवत निघाल्या. त्यांचा हात दोनदा कापड सरळ ओढायला गेला. दोनदा त्यांनी स्वतःच आवरला. मोठ्या लाल फुलापाशी आल्यावर त्या थांबल्या आणि सुई ओयदिनपुढे धरली. ओयदिन आयुष्यभर दुसऱ्या बायकांचं भरतकाम विकत आली होती, गोंडे लावण्यापलीकडे स्वतः सुई धरून कितीतरी वर्षं झाली होती. तिने फुलाच्या जोडावर टाके घातले. सैल, ढगळ, एक लांब एक आखूड. ताई बघत होत्या. त्यांचे ओठ आत ओढले गेलेले मला दिसत होते. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम त्यांनी तेव्हा केलं.

गाठ मारल्यावर ओयदिनने जोडावरून हात फिरवला. फुलापाशी बोट अडलं. ते तिथेच ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली. मग आत जाऊन चहा ठेवला. लता-ओपा, तिने आतून हाक मारली, साखर घेणार का, जणू दोन वर्षांत तिला ते ठाऊक झालं नव्हतं. वाटी निम्मी होती. आम्ही उठलो तेव्हा गावात दिवे लागले होते.

लग्नात सुझानी वधूवरांच्या मागे टांगलेली होती. हॉटेलात निम्मं गाव होतं, म्हणजे ताईंची निम्मी गिऱ्हाईकं. कम्युनियनच्या फ्रॉकवाली एक आई आमच्या टेबलापाशी आली, वाइनचा ग्लास हातात. किती सुंदर आहे, म्हणाली, फक्त तिकडे नक्षी जुळली नाही, बघ ना, लता, तुझ्या नजरेतून सुटलं नसणार. शिवलं कुणी असेल?

"मी शिवलं," ताई म्हणाल्या, आणि चीजचा तुकडा तोंडात टाकला.

ती बाई गोंधळून गेली. ऑगस्टमधले तिच्या घरचे दोन गाऊन दुसरीकडे शिवायला गेले असं नंतर कळलं. ताईंनी ते मला सांगितलं ते सुद्धा हसत.

पुढे उपेंद्रने नोकरी बदलली, आम्ही विमानतळाजवळच्या स्वोर्ड्सला आलो. इथे घरावरून दिवसभर विमानं जातात आणि ब्लाउजचा हुक मी आता स्वतःच लावते, वाकडा. ओयदिन आजी झाली आणि लोलाच्या बाळासाठी दुकान बंद करून गॉलवेला गेली. गेल्या महिन्यात मी ट्रेनने ॲथलोनला गेले, तेव्हा मुद्दाम बोळातून गेले. निळं दार तसंच आहे. खिडकीत आता सुगंधी मेणबत्त्या आहेत. मी काचेला नाक लावून मागची भिंत पाहिली. सुझानीचे दोन हुक अजून तिथेच आहेत, एकावर कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा अडकवला होता.

ताई तशाच आहेत. गुडघे दुखतात म्हणून मशीन खाली आणलंय आणि प्रल्हादराव रिटायर होऊन त्याच्या शेजारी पेपर वाचतात. ओयदिनचा दर गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉल येतो. दोघी आपापलं शिवण समोर धरून बसतात. ओयदिन आता नातीसाठी एक लहान सुझानी करते आहे आणि एक पट्टी तिने पोस्टाने ताईंकडे पाठवली आहे. ताई ती रोज थोडी भरतात. मी पाहिली. टाके फार घट्ट आहेत.

त्या दिवशी ताईंकडे जाताना मी सोबत एक अभ्रा नेला होता. शिवण सुटली होती, धुताना आणखी फाटली असती. ताईंनी तो हातात घेतला, उलटा केला, कोपरे पाहिले. एक कोपरा चांगलाच तिरका आहे. त्यांनी कात्री उचलली, तीच, चोचीची. आणि मग थांबल्या. हे त्यांना पूर्वी कधीच सुचलं नसतं.

"हे कोणी शिवलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आईने. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आधी.

ताईंनी कात्री खाली ठेवली. सुटलेल्या शिवणीला जुन्या भोकांतून चार टाके घातले, तिरका कोपरा तसाच ठेवून घडी घातली आणि माझ्याकडे दिला. मग चहा आणला. मी घड्याळ पाहिलं, साडेपाचची ट्रेन होती. कपात चहा निम्माच होता.